उडत्या यंत्रांचे संग्रहालय आणि आपली मुले

पक्ष्यांप्रमाणे आपणही आकाशात संचार करावा, ही हौस मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. पुष्पक विमानाची कथा ऐकत आपल्या आज्या-पणज्या लहानाच्या मोठ्या झाल्या. आणि तिकडे ग्रीक मुले मेणाचे पंख लावून सूर्याजवळ गेलेल्या इकारसची गोष्ट ऐकत वाढली. परंतु हौस असणे निराळे आणि ती सिद्धीस जाणे निराळे. ही हौस सिद्धीस कशी गेली, तीपायी किती बुद्धी खर्ची पडली, किती द्रव्य लागले व किती जीव गेले, याची हकीकत जर कोठे एका छपराखाली मांडलेली असेल, तर ती विमानांच्या व अंतराळयानांच्या संग्रहालयात होय. अशा ठिकाणी शाळेतील मुलामुलींनी जावे काय, गेल्यास काय पाहावे, आणि ज्यांस जाणे शक्य नाही त्यांनी येलदरीसारख्या गावी राहून काय करावे, याविषयी आमचे विचार विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

शैक्षणिक सहलीची वर्गणी मागितली म्हणजे पालकांकडून दोन आक्षेप हमखास येतात. पहिला खर्चाचा. येलदरीहून परभणी गाठावी, तेथून रात्रीची आगगाडी धरावी, मुंबईत दोन दिवस काढावे, आणि एवढे करून पाहावे काय, तर जागचे न हलणारे विमान! ज्या घरात कापसाच्या व सोयाबीनच्या भावावर वर्षाचा हिशेब बसतो, त्या घराने हा प्रश्न विचारला तर त्यात गैर काही नाही. दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. जे संग्रहालयात दिसते ते सारे आता मोबाईलच्या पडद्यावर घरबसल्या दिसते. मग एवढी यातायात कशास? हे दोन्ही आक्षेप आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. त्यांचे उत्तर देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम दुसऱ्या आक्षेपाचे पाहू. पडद्यावर सर्व वस्तू एकाच मापाच्या होतात. मुंगी आणि विमान, दोन्ही वीतभर. वस्तूपुढे उभे राहिल्यावाचून तिचे आकारमान मनावर ठसत नाही, आणि आकारमान ठसल्यावाचून ती करणाऱ्याच्या धैर्याची कल्पना येत नाही. अमेरिकेत राइट बंधूंनी १७ डिसेंबर १९०३ रोजी जे विमान उडविले, त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ४० फूट होता. पंखांवर मलमलीचे कापड ताणलेले होते आणि इंजिनाची शक्ती अवघी १२ अश्वशक्तीची. आज शेतात औत ओढणारा लहानातला लहान ट्रॅक्टरही याहून बळकट असतो. त्या दिवसाचे पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले आणि १२० फुटांवर संपले. विद्यार्थ्यांनी हे वाक्य वाचून पुढे जाऊ नये. आपल्या मैदानावर १२० फूट मोजावे. कबड्डीची तीन मैदाने एकापुढे एक मांडली तर त्यांची लांबीही भरत नाही, एवढेच ते अंतर. मग एकाने ते अंतर चालावे व दुसऱ्याने सावकाश बारा अंक म्हणावे. जगाचे स्वरूप पालटून टाकणारी गोष्ट आरंभी केवढी इवलीशी असते, हे तेव्हा पायांना कळेल. संग्रहालयाचे कामही हेच आहे. जे डोळ्यांनी वाचले ते अंगाला कळावे, यासाठीच संग्रहालये असतात.

आता खर्चाच्या आक्षेपाकडे वळू. खर्च व्हावयाचा, तर त्याचा मोबदला मिळाला पाहिजे. आणि पुष्कळ सहलींत तो मिळत नाही, ही गोष्ट आम्हांस मान्य केली पाहिजे. मुलांची रांग एका दारातून आत जाते व दुसऱ्या दारातून बाहेर पडते. विमानापुढे छायाचित्र निघते. अर्ध्या तासात पाऊणशे वस्तू 'पाहून' होतात आणि घरी आल्यावर आठवते ती केवळ कुल्फी. याचा दोष मुलांकडे नाही. पाहणे ही एक विद्या आहे व ती शिकवावी लागते. आमच्या मते एका दिवसात तीन वस्तूंहून अधिक पाहू नयेत. परंतु त्या तिहींपुढे बसावे, त्यांची आकृती वहीत काढावी, आणि प्रत्येकीस चार प्रश्न विचारावे. ही कोणी केली? हिच्या आधी कोणते प्रयत्न फसले? हिचा खर्च कोणी सोसला? आणि हिचा उपयोग कोणत्या कामी झाला?

एक उदाहरण घेऊ. मुंबईस वरळी येथे १९८५ साली खुले झालेले नेहरू विज्ञान केंद्र आहे. त्याच्या आवारात 'मारुत' नावाचे एक लढाऊ विमान मांडलेले आहे. वाटेने जाणारे मूल त्यास 'जुने विमान' म्हणून पुढे पळेल. परंतु वरील चार प्रश्न विचारले म्हणजे ते विमान बोलू लागते. कुर्ट टँक नावाच्या जर्मन रचनाकाराच्या मार्गदर्शनाखाली आपल्या बंगळूरच्या कारखान्यातील अभियंत्यांनी ते घडविले. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ते प्रथम उडविले. आकृती इतकी सुबक की ध्वनीच्या दुप्पट वेगाने ते जावे अशी योजना होती. परंतु त्या योग्यतेचे इंजिन त्यास अखेरपर्यंत लाभले नाही, आणि कमी बळाच्या इंजिनावरच त्यास आयुष्य कंठावे लागले. अशी १४७ विमाने तयार झाली, १९७१ च्या डिसेंबरातील युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ती लढली, आणि १९९० पर्यंत ती निवृत्त झाली. ज्या दास यांनी ते पहिल्यांदा आकाशात नेले, त्यांचा १० जानेवारी १९७० रोजी याच जातीच्या विमानाच्या अपघातात अंत झाला. पालकहो, या एका यंत्रात विज्ञान आहे, इतिहास आहे, परदेशावर अवलंबून राहण्याचे दुःख आहे आणि एका शूर पुरुषाचे बलिदान आहे. मुलाने यापुढे एक तास काढला तर आगगाडीचे भाडे वसूल झाले असे आम्ही म्हणू.

येथे कोणी म्हणेल की या सर्व दूरच्या गोष्टी; आमच्या मराठवाड्याच्या मुलांचा त्यांच्याशी काय संबंध? संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे उतरविले, आणि हिंदी विमानसेवेचा पाया घातला गेला. आपला परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होता, त्या संस्थानाचीही 'डेक्कन एअरवेज' नावाची विमान कंपनी १९४५ साली निघाली होती. १९५३ साली इतर कंपन्यांबरोबर ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. पुढे अंतराळविद्येचे युग आले तेव्हा त्यातही मराठी माणसे अग्रभागी होती. कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे डॉ. विक्रम साराभाईंचे आरंभीचे सहकारी. अग्निबाणतळाची जागा शोधण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा होता. पुण्याचे वसंत गोवारीकर यांनी अग्निबाणाच्या घन इंधनाचे काम उभे केले, आणि १९७९ ते १९८५ या काळात ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. आणि ज्यांस वाटते की ही क्षेत्रे मुलग्यांची, त्यांनी कॅप्टन सौदामिनी देशमुख यांचे नाव लक्षात ठेवावे. केवळ स्त्रियांनी चालविलेल्या आपल्या देशातील पहिल्या प्रवासी विमानफेरीचे नेतृत्व १९८५ साली त्यांनी केले. सहलीच्या यादीत मुलाचे नाव घालून मुलीचे वगळणाऱ्या पालकांनी याचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

संग्रहालयात पाहावयाची दुसरी गोष्ट वस्तूहून सूक्ष्म आहे. ती म्हणजे वस्तूखालची पाटी. वस्तू खोटे बोलत नाही. पाटी बोलू शकते. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण खुद्द राइट बंधूंच्या विमानाचेच आहे. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन या विख्यात संस्थेचे प्रमुख सॅम्युएल लँग्ले यांनीही एक विमान रचले होते. ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ असे दोन वेळा ते उडविण्याचा प्रयत्न झाला आणि दोन्ही वेळा ते नदीत कोसळले. दुसऱ्या अपयशानंतर नवव्या दिवशी राइट बंधू उडाले. पुढे १९१४ साली लँग्लेंच्या यंत्रात बरेच फेरफार करून ते क्षणभर पाण्यावरून उचलले गेले, आणि एवढ्या आधारावर त्या संस्थेने आपल्या संग्रहालयातील पाटीवर लिहिले की माणसासह उडण्यास समर्थ असे जगातील पहिले विमान हेच. वडील बंधू विल्बर तोवर निवर्तले होते. धाकटे ऑरव्हिल यांनी १९२८ साली आपले विमान थेट लंडनच्या विज्ञान संग्रहालयात पाठवून दिले. ज्या देशात ते उडाले त्या देशाला ते वीस वर्षे पाहावयास मिळाले नाही. अखेरीस १९४२ साली स्मिथसोनियनने आपले म्हणणे जाहीरपणे मागे घेतले, आणि १७ डिसेंबर १९४८ रोजी, पहिल्या उड्डाणाच्या पंचेचाळिसाव्या वर्षदिनी, ते विमान वॉशिंग्टनला सन्मानाने टांगले गेले. ऑरव्हिल त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. एवढ्या थोर संस्थेला एका पाटीवरील असत्यापायी एवढा मोठा ठेवा इतकी वर्षे गमवावा लागला. परंतु तिने ते असत्य स्वतःच्या लेखणीने खोडले, हाही तिचा थोरपणाच मानला पाहिजे.

हे सांगण्याचे कारण असे की अशीच एक पाटी आपल्याही मनात लटकलेली आहे. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान उडविले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. तीवर २०१५ साली चित्रपटही निघाला. तळपदे हे कल्पक गृहस्थ होते, विमानविद्येचा त्यांस ध्यास होता, आणि त्या काळी साधनांवाचून असा ध्यास धरणे हेच कौतुकास्पद होय. तथापि ते उड्डाण झाल्याचा निर्विवाद समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' नामक ग्रंथाचा हवाला अशा कथांतून देण्यात येतो, त्याची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभाहून जुना नाही, आणि त्यात वर्णिलेली विमाने उडूच शकणार नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

हे वाचून कित्येकांस वाईट वाटेल, हे आम्ही जाणतो. परंतु देशाभिमानाला असत्याच्या टेकूची गरज का भासावी? पुष्पक विमान ही आपल्या पूर्वजांची भव्य कल्पना आहे. कल्पना म्हणून तिची किंमत कोणीही कमी करू शकत नाही. तिला यंत्र म्हणून सिद्ध करू गेल्यास मात्र आपण कल्पनेचाही अपमान करतो आणि यंत्राचाही. राइट बंधूंनी लिलिएन्थालसारख्या पूर्वसूरीचे आकडे डोळे मिटून स्वीकारले नाहीत. १९०१ साली त्यांनी स्वतः एक हवेचा बोगदा तयार केला, त्यात सुमारे दोनशे आकारांचे पंख तपासले, आणि मगच पुढचे पाऊल टाकले. पूर्वजांवर प्रेम करणे आणि त्यांचे गणित पुन्हा तपासून पाहणे, या दोहोंत विरोध नाही. ज्या मुलाने संग्रहालयात जाऊन एवढे शिकले, त्याला पुढे वर्तमानपत्र कसे वाचावे आणि मोबाईलवर आलेली बातमी कशी पारखावी, हे निराळे शिकवावे लागणार नाही.

चौथा प्रश्न आम्ही उपयोगाचा सांगितला. तो विचारताना मुलांना अवघड सत्यापासून दूर ठेवू नये. अनेक संग्रहालयांत दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचा व्ही-२ हा अग्निबाण उभा केलेला आहे. अंतराळाच्या सीमेपर्यंत पोहोचणारे ते पहिले मानवनिर्मित साधन. आजचे सर्व मोठे अग्निबाण त्याचेच वंशज म्हणावे लागतील. परंतु तो लंडन व अँटवर्प येथील नागरिकांवर डागण्यासाठी निर्माण झाला, आणि भुयारी कारखान्यांत तो घडविताना सहस्रावधी कैदी उपासमारीने व छळाने मेले. त्याची झळाळी दाखवून हे झाकणारे संग्रहालय अर्धेच शिकवते. तेच विमान दुष्काळात अन्न टाकते, आणि तेच ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर बाँब टाकते. यंत्राला अंतःकरण नसते. ते चालविणाऱ्याने आणावयाचे असते. ज्या शाळेत विद्येबरोबर शीलाचीही चिंता वाहिली जाते, त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी ही बाजू विसरून चालणार नाही.

याउलट, यंत्र आणि अंतःकरण यांची गाठ पडल्याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि आमच्यासारख्या शाळेच्या वाचकांस ते विशेष जवळचे वाटेल. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मच्छिमारांचे खेडे आहे. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्तरेषा तेथून जवळून जाते, आणि सुमारे ११० किलोमीटर उंचीवर वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहाचा अभ्यास करण्यास ती जागा उत्तम होती. परंतु तेथे सेंट मेरी मॅग्डलीनचे प्रार्थनामंदिर होते, बिशपांचे निवासस्थान होते आणि कोळ्यांची घरे होती. डॉ. साराभाई हे बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांस भेटले. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेस त्यांस बोलाविले, विज्ञानाचे कार्यही मनुष्याच्या कल्याणाचेच आहे असे मंडळींस समजाविले व जागा द्यावी काय असे विचारले, आणि सर्वांनी एकमुखाने 'आमेन' म्हटले, असे डॉ. अब्दुल कलाम यांनी लिहून ठेवले आहे. मंडळींनी आपले मंदिर दिले, कोळ्यांनी आपली घरे सोडली. त्या मंदिरातच कचेरी व कार्यशाळा थाटण्यात आली. अग्निबाणाचे भाग सायकलीवरून नेले जात. आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण तेथून आकाशात गेला. आज त्याच मंदिराच्या वास्तूत अंतराळ संग्रहालय आहे. आमच्या मते सबंध देशात याहून बोधप्रद संग्रहालय विरळा. तेथील भिंतीच पाटीचे काम करतात. कोणी काय दिले म्हणून हे घडले, हे त्या सांगतात.

अपयश कसे मांडावे हेही या विद्येपासून शिकण्यासारखे आहे. आपला उपग्रहवाहक पहिला अग्निबाण १० ऑगस्ट १९७९ रोजी बंगालच्या उपसागरात कोसळला. १८ जुलै १९८० रोजी त्याच्याच भावंडाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. २०१९ च्या सप्टेंबरात चंद्रयान-२ चे अवतरणयान चंद्रावर आदळले; २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चे यान दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद उतरले. दिल्लीच्या नेहरू तारांगणात राकेश शर्मा यांस १९८४ साली परत आणणारी सोयूझ कुपी ठेवलेली आहे. सेकंदाला सात किलोमीटरांहून अधिक वेगाने वातावरणात शिरताना पुढची हवा दाबली जाऊन पेटल्यासारखी तापते, आणि त्या तापाच्या भट्टीतून अशी कुपी माणसास जिवंत खाली आणते. अशा अरुंद कुपीत तीन माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसतात. अंतराळवीराचे वैभव पाहणाऱ्या मुलाने ही अडचणही पाहावी. शर्मांनंतर एकेचाळीस वर्षांनी, २०२५ साली, शुभांशु शुक्ला हे आपले दुसरे अंतराळवीर वर गेले. तिसरा, चौथा कोण, हे आज कोणत्या तरी शाळेच्या बाकावर ठरत असेल.

आता राहिला प्रश्न त्या मुलांचा, ज्यांस मुंबई, दिल्ली वा थुंबा दूरच राहणार. त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. येलदरीपासून सरळ रेषेत सुमारे चाळीस किलोमीटरांवर, बुलढाणा जिल्ह्यात, असे एक अंतराळ संग्रहालय आहे की ज्यास दार नाही व भिंत नाही. ते म्हणजे लोणारचे सरोवर. आकाशातून आलेल्या एका प्रचंड पाषाणाच्या आघाताने काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पडले. पुष्कळ काळ ते ज्वालामुखीचे मुख असावे असे मानीत. परंतु प्रचंड दाबाखालीच तयार होणारी विशिष्ट काच तेथे सापडली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताची गोष्ट पक्की झाली. चंद्रावरील काळे डागही अशाच खडकाचे असल्याने चंद्राचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारास येतात. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षे निघते, तर दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. आणि खरे शास्त्र दोन्ही आकडे पाटीवर मांडून ठेवते. लवणासुराची कथा तेथे आहेच. ती कथा म्हणून ऐकावी आणि खडक खडक म्हणून पाहावा.

आणि गावातच काय कमी आहे? पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले, आणि त्याच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावाट क्षमतेचे वीजगृह आहे. तेथील चक्राची पाती आणि विमानाचा पंख ही सख्खी भावंडे आहेत. पाती वाहत्या पाण्याची दिशा वळविते व त्या बदल्यात स्वतः ढकलली जाऊन फिरते. पंख वाहत्या हवेस खाली वळवितो व त्या बदल्यात स्वतः वर उचलला जातो. नियम एकच, न्यूटनचा. दिवाळीतील बाणही त्याच नियमाने वर जातो आणि श्रीहरिकोट्याचा अग्निबाणही. ज्याने वीजगृहातील पाते नीट समजून घेतले, त्याने विमान अर्धे समजून घेतले असे आम्ही म्हणू. आणि ज्या चार प्रश्नांनी आपण परमुलुखातील यंत्रे पाहतो, तेच प्रश्न आपल्या धरणासही विचारावे. त्याच्या पाण्याखाली कोणाच्या जमिनी गेल्या? कोणते कुटुंब कोठून उठून कोठे वसले? थुंबाच्या कोळ्यांप्रमाणे येथेही कोणी तरी दिले म्हणून दुसऱ्यांच्या घरी दिवा लागला. आजोबा-आजींच्या तोंडून हे आज लिहून घेतले नाही, तर दहा वर्षांनी सांगणारे कोणी राहणार नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. शाळेने एक कपाट व एक भिंत या कामासाठी राखावी. तीत विद्यार्थ्यांनी स्वतः केलेले पंखाचे नमुने, लोणारची रेखाटने, धरणाचा नकाशा आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी ठेवाव्या. प्रत्येक वस्तूखाली शुद्ध मराठीत पाटी लिहावी. जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे, आणि चूक आढळल्यास स्मिथसोनियनप्रमाणे ती उघडपणे दुरुस्त करावी. दूरच्या सहलीसाठी वर्षाच्या आरंभापासून महिना थोडी थोडी वर्गणी जमवावी. ज्यांस ऐपत आहे त्यांनी पदरचे चार पैसे अधिक घालावे, म्हणजे केवळ पैशाअभावी कोणतेही मूल मागे राहणार नाही. ज्या मुलाला खरी हौस आहे परंतु फी भरण्याची ऐपत नाही, त्याला मागे ठेवून जी सहल निघते, तिला शैक्षणिक हे विशेषण शोभत नाही.

पालकांनी आपल्या मुलांस विमान दाखवावे, ते यासाठी नव्हे की प्रत्येकाने वैमानिक व्हावे. शेती करणाऱ्यानेही, दुकान चालविणाऱ्यानेही आणि घर सांभाळणाऱ्या गृहिणीनेही वस्तू निरखून पाहावी, ऐकीव गोष्टीचा पुरावा मागावा, चुकल्यास पुन्हा करून पाहावे आणि आपल्या सुखासाठी कोणी किंमत मोजली हे विसरू नये. उडत्या यंत्रांच्या संग्रहालयात शिकावयाचे ते हेच. एवढे ज्यास साधले, त्याचे पाय जमिनीवर घट्ट राहिले तरी त्याची दृष्टी आकाशापर्यंत पोहोचेल, अशी आमची खात्री आहे.